तीन महिन्यांची माती

कोल्हापूरच्या महाराजांना गादीवर बसून चौदा-पंधरा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. गारगोटीच्या शाळेतले दुय्यम मास्तर सोमलिंग यांच्या नावानं कचेरीतून एक हुकूम आला. हुकूम चौदा ओळींचा होता आणि त्यातल्या अकरा ओळी मायन्यातच खर्ची पडल्या होत्या. उरलेल्या तीन ओळींत मजकूर होता तो असा : 'सदरहू मास्तराने कोल्हापुरी राहून तीन महिने माती करावी व अखेरीस परीक्षा द्यावी. पास झाल्यास नेमणूक कायम. नापास झाल्यास रजा.'

रजा म्हणजे सुट्टी नव्हे, हे सोमलिंगला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो पंचवीस वर्षांचा होता आणि अंगानं इतका बारीक, की वाऱ्याच्या दिवशी मुलं त्याला छत्री उघडू देत नसत. वर्गात तो मुलांकडे पाठ करून फळ्याशी बोलायचा, आणि मुलांनाही ते सोयीचं होतं. गावात वडिलांचं तंबाखूचं दुकान होतं. त्या दुकानात बसायचं तर दिवसभर माणसांच्या तोंडाकडे बघून बोलावं लागतं, वेळप्रसंगी हसावंही लागतं, या कल्पनेनंच त्याला घाम फुटायचा. उलट शाळेत एक शिसवी कपाट होतं. त्यात एक्केचाळीस पुस्तकं होती आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे होती. नेमणूक गेली की कपाट गेलं, आणि कपाट गेलं की दुकान आलं. त्याच्या दृष्टीनं हुकुमात एवढंच लिहिलेलं होतं.

वडिलांनी हुकूम दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "माती करायला कोल्हापूरला कशाला जायला पायजे? आयुष्याची माती तू हितंच केलीयास की."

सोमलिंगनं हुकूम घडी करून खिशात ठेवला. त्यानं एका वर्तमानपत्रात वाचलं होतं, की पुढारलेल्या शाळांतून आता मुलांना हातकाम शिकवतात. सुतारकाम, विणकाम, मातीकाम. तेव्हा माती करावी म्हणजे मातीकाम शिकावं, म्हणजे मडकी करायला शिकावं, असा त्यानं अर्थ लावला. अर्थ लावणं हा त्याचा धंदाच होता. तो चुकला असेल असं त्याला सुरुवातीपासून वाटत होतं, पण तसं त्याला प्रत्येकच गोष्टीबद्दल वाटायचं, त्यामुळे त्यानं ते मनावर घेतलं नाही.

जोतीराम गाडीवानाची बैलगाडी कोल्हापूरला निघाली होती. सोमलिंग आपली पेटी घेऊन तीत बसला. गाव मागं पडल्यावर जोतीरामनं विचारलं, "कुणाच्या मातीला निघालाय, मास्तर?"

"मातीला नाही. माती करायला."

"त्येच की. कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. तीन महिने करायची आहे."

जोतीरामनं बैलांची शेपटं सोडली आणि मागं वळून बघितलं. "तीन महिनं? म्हंजे मानूस लई मोठा दिसतोय."

मुरगूडच्या अलीकडे त्यानं आपण होऊन बैलांच्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या. कोल्हापुरात उतरवताना त्यानं सोमलिंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हळूहळू सावरा."

उतरायची सोय शालूबाईंच्या खाणावळीत केली होती. शालूबाई पन्नाशीच्या, उंच, आणि आवाज असा, की त्या हळू बोलल्या तर शेजारची माणसं 'काय झालं' म्हणून विचारायला येत.

"काय करायला आलाय म्हनायचं पावणं?"

"माती करायला."

शालूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खालपासून वरपर्यंत बघितलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"तुमी?"

"दरबारचा हुकूम आहे."

आता कोल्हापुरात माती म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला विचारावं. मडकी करतो त्याला तिथं कुंभार म्हणतात. माती करतो तो पैलवान. शालूबाईंचे कैलासवासी यजमान वीस वर्षं माती करून त्या मातीतच गुडघा मोडून घेऊन बसले होते. त्यामुळे शालूबाईंनी पुढं काही विचारलं नाही. दरबारला या काडीत काहीतरी दिसलं असेल, ते आपल्याला दिसत नाही, एवढंच त्यांनी मनाशी म्हटलं. आणि त्या दिवसापासून सोमलिंगच्या पुढ्यात सकाळी शेरभर म्हशीचं दूध, सोललेले वीस बदाम आणि लोण्याचा गोळा येऊ लागला. कोल्हापूरच्या खाणावळी उदार असतात, असं सोमलिंगनं घरी पत्रात कळवलं.

माती शिकायला सोमलिंगनं गंगावेशीकडच्या कुंभारवाड्यातलं बसाप्पा कुंभाराचं घर शोधून काढलं. बसाप्पाचं मूळ घराणं सीमेकडचं, घरात कानडी चालायची. सोमलिंगही लिंगायत म्हटल्यावर त्यानं त्याला पहिल्याच दिवशी 'तम्मा' म्हणजे धाकला भाऊ करून टाकलं.

"तम्मा, हात दाव."

सोमलिंगनं हात पुढं केले.

"ह्या हातांनी आजवर काय केलंस?"

"पुस्तकाची पानं उलटली."

"बोटं बरी हायती," बसाप्पा म्हणाला. "बाकीचा हात अजून कुणी वापरल्याला न्हाय."

पहिला महिना त्यानं सोमलिंगला चाकाला शिवू दिलं नाही. तळ्यातली काळी माती खड्ड्यात भिजत पडलेली असायची. तीत राख आणि पागेतून आणलेली घोड्याची लीद मिसळायची आणि पायानं तुडवायची. टाच आधी, मग चवडा, बाहेरून आत, गोल गोल, सकाळी दोन तास. मग ती हातानं मळायची. सोमलिंगनं विचारलं, माती मळून झाली हे कसं ओळखायचं? बसाप्पा म्हणाला, "ती तुला कटाळली की." सोमलिंगनं हे वहीत लिहून घेतलं. मग बसाप्पानं ती वही मातीच्या खड्ड्यात टाकली आणि तुडवायला लावली.

दुसऱ्या महिन्यात चाक. काठीनं गरगर फिरवलं की ते भिरभिरत राही, आणि मधोमध ठेवलेला गोळा डगमगत राही. गोळा मधोमध स्थिर होईपर्यंत त्याचं काही होत नाही, ही सगळ्यात पहिली आणि सगळ्यात अवघड गोष्ट. सोमलिंगचा गोळा स्थिर व्हायचाच नाही. तो चाकावरून उडून एकदा भिंतीला, एकदा बसाप्पाच्या बायकोच्या, रत्नव्वाच्या, वाळत घातलेल्या लुगड्याला आणि एकदा रस्त्यानं चाललेल्या घोडेस्वाराला लागला. घोडेस्वारानं मागं वळून बघितलं, तर एक चष्मेवाला मास्तर हात जोडून उभा. तेव्हा तो आपणच वाकून नमस्कार करून गेला. तोपर्यंत गावात बातमी पसरली होती.

बातमी अशी पसरली. एके दिवशी सोमलिंग लोण्याचा गोळा विसरला म्हणून शालूबाई स्वतः कुंभारवाड्यात घेऊन आल्या. दार लोटलेलं होतं. आतून बसाप्पाचा आवाज येत होता.

"गळा धर. एका हातानं न्हवं, दोनी हातांनी धर. हां. आता दाब. हळू, हळू. लगीच जीव घिऊ नकोस त्येचा. आता पोटात मूठ घाल. आतनं वर उचल. खांदा पाड त्येचा, खांदा. बघ, कसा गप झाला. आता बूड काप."

शालूबाई लोणी घेऊन तशाच परत फिरल्या. संध्याकाळपर्यंत चार तालमींत सगळ्यांना ठाऊक झालं, की गारगोटीचा एक मास्तर कुणाला कळू नये म्हणून कुंभाराच्या घरात, बंद दाराआड कानडी मुलखातला कसला तरी भयंकर डाव शिकतोय, आणि त्यात माणूस जगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन दांडगे गडी खाणावळीच्या दारात सोमलिंगची वाट बघत उभे होते. दोघांनी त्याच्या पाया पडल्यासारखं केलं.

"मास्तर, माती कुणाकडं करताय?"

"बसाप्पांकडं."

"तालीम कंची त्येंची?"

"तालीम नाही हो. घरातच."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "घरातच. आनि मेहनत काय काय घेता?"

सोमलिंगला आपल्या कामाबद्दल कुणी आस्थेनं विचारतंय याचं फार बरं वाटलं. "सकाळी दोन तास तुडवतो. मग मळतो. मग थापटतो. पण खरं सांगू का, मला अजून काही येत नाही. काल एकाचा गळा धरला तर तो हातातच आला."

ते दोघे पुढं महिनाभर त्या गल्लीतून गेले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात सोमलिंगला मडकं जमू लागलं. एका सकाळी गोळा चाकावर स्थिर राहिला. तो फिरतोय की थांबलाय हे कळेना, इतका स्थिर. सोमलिंगनं त्यात अंगठे घातले, भिंत वर आली, पोट फुगलं, गळा वळला, आणि ओल्या दोऱ्यानं बूड कापून त्यानं ते मडकं दोन्ही तळहातांवर उचललं. बसाप्पानं बघितलं आणि काही बोलला नाही. बसाप्पा चुका असल्या तरच बोलायचा. ते मडकं सावलीत वाळलं, थापीनं थापटलं गेलं, चिपाडं आणि शेणी लावलेल्या भट्टीत भाजून निघालं, आणि टिचकी मारली की खणखणू लागलं.

"पानी भर," बसाप्पा म्हणाला. "गळलं न्हाय तर पास."

आणि नेमकं त्याच आठवड्यात जेवताना शालूबाई म्हणाल्या, "तुमची जोड ठरली बरं का."

"कसली जोड?"

"परीक्षेची. मुरगूडचा बादशहा. बाकीच्या दोगांनी तुमचं नाव ऐकून अंग काढून घेतलं. एकाच्या पोटात दुकाय लागलं आनि दुसरा सासऱ्याकडं गेला. सासरा त्येला हाय असं आदी कुनाला म्हाईत न्हवतं."

सोमलिंगच्या हातातला घास ताटात पडला. जोड म्हणजे कुस्तीतला समोरचा गडी, हे त्याला माहीत होतं. बादशहा कोण, हेही माहीत होतं. जत्रेत तो एका हातानं बैलगाडीचं चाक उचलून दुसऱ्या हातानं केळं खातो, असं मुरगूडकडची मुलं वर्गात सांगत. तीन महिन्यांचं दूध, बदाम आणि लोणी एकदम त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

तो धावत बसाप्पाकडं गेला. बसाप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हुकमात काय लिवलंय?"

"माती करावी."

"मग तू केलीस न्हवं?"

"केली."

"मग?"

सोमलिंगनं खाणावळीत येऊन दौत-लेखणी काढली. त्यानं कचेरीला अदबीनं अर्ज केला, की हुकुमातील माती हा शब्द कोणत्या अर्थी योजला आहे, त्याचा खुलासा व्हावा. तीन दिवसांनी उत्तर आलं. त्यात अकरा ओळी मायना होता आणि खाली : 'माती म्हणजे माती. परीक्षा येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता मौला वस्ताद यांच्या तालमीत होईल. कळावे.'

"तालमीतच का?" सोमलिंग रडवेल्या सुरात म्हणाला.

"आमच्यापरास जास्त माती गावात तितंच हाय," बसाप्पा म्हणाला.

सोमवारी सोमलिंग आपलं मडकं पाण्यानं भरून, ते उराशी धरून तालमीत गेला. त्याचा बेत साधा होता. शाळा तपासणारे डिपुटीसाहेब परीक्षा घ्यायला येणार होते. त्यांच्यापुढं मडकं ठेवायचं आणि म्हणायचं, साहेब, ही माझी माती. रात्रभर नाही, पण गंगावेशीपासून तालमीपर्यंत त्यानं हे वाक्य शंभरदा घोकलं.

तालमीत तीनशे माणसं होती. डिपुटीसाहेब खुर्चीवर बसले होते. ते आखूड मानेचे, घामाघूम, आणि आपल्याला इथं कशाला पाठवलंय हे न कळलेले गृहस्थ होते. त्यांच्या हातात एक छापील कागद होता आणि त्यावर एकच रकाना होता : 'माती कशी?' आणि खाली शेऱ्याची एक ओळ

"साहेब," सोमलिंग मडकं पुढं करून म्हणाला, "ही माझी..."

"पाणी आणलंत? बरं केलंत," डिपुटी म्हणाले, आणि अर्धं मडकं पिऊन त्यांनी ते शेजारच्याला दिलं. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याला दिलं. मडकं सगळ्या तालमीत फिरलं, रिकामं झालं, आडावर जाऊन भरून आलं, पुन्हा फिरलं. कुठं थेंबभर गळलं नाही. माती तपासून झाली होती. फक्त तपासणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात मौला वस्तादांनी सोमलिंगच्या हातात लंगोट ठेवला.

मौला वस्ताद सत्तरीचे होते. पांढरी दाढी, कुस्त्यांत मोडलेले कान. त्यांच्या आखाड्याची माती दर नागपंचमीला वस्त्रगाळ व्हायची, तीत तेल, ताक, हळद मुरायची, आणि त्या मातीवर ते जेवढा जीव टाकत तेवढा त्यांनी घरच्या माणसांवरही टाकला नव्हता, असं घरची माणसं म्हणत. सोमलिंग त्यांना काहीतरी सांगू लागला, पण वस्तादांना ऐकू कमी यायचं. लंगोट नेसून, गळ्यातलं लिंग दंडाला बांधून, चष्म्यासकट तो आखाड्यात उतरला तेव्हा तीनशे माणसांनी माना पुढं काढल्या. इतका बारीक माणूस इतका भयंकर असतो, म्हणजे डाव खरंच काहीतरी निराळा असणार.

समोर बादशहा उभा होता. त्याची सावली सोमलिंगच्या मागं सहा हात गेली होती.

"मास्तर," बादशहा हळूच म्हणाला, "एक इनंती हाय. गळ्याला तेवडा हात घालू नगासा. आमची आई, रोशनबी, घरात एकलीच हाय."

"अहो, मी कधीच..."

"तुमची रीत आसंल, माझं काय म्हननं न्हाय. पर आई म्हातारी हाय."

आता कुस्तीची सलामी अशी असते, की प्रत्येकानं मूठभर माती उचलून समोरच्याच्या हातात द्यायची. ती त्यानं घ्यायची, अंगाला लावायची, मगच अंगाला अंग लागतं. बादशहानं वाकून मूठ भरली आणि सोमलिंगच्या तळहातावर ठेवली.

सोमलिंगच्या डोळ्यांपुढं तंबाखूचं दुकान दिसत होतं, आणि हात काय करतायत तिकडं त्याचं लक्षच नव्हतं. हातांना सवय होती ते करत होते. त्यांनी ती माती चोळली, दाबली, पुन्हा चोळली. मग उजव्या हाताचा अंगठा थांबला. अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं मिळून काहीतरी चिमटीत धरलं.

"खडा," सोमलिंग म्हणाला. तो हे कुणालाच उद्देशून म्हणाला नव्हता.

मौला वस्तादांना कमी ऐकू यायचं, पण हा शब्द त्यांना ऐकू आला. ते काठी टेकत आखाड्यात उतरले, सोमलिंगच्या चिमटीतला ज्वारीच्या दाण्याएवढा खडा त्यांनी आपल्या तळहातावर घेतला, उजेडात धरला, आणि मटकन खाली बसले.

"माज्या मातीत," ते म्हणाले.

"ह्येच त्ये," बादशहा मागून म्हणाला. "गेल्या साली माझ्या पाठीत रुतलंतं. मला वाटलं आपलंच हाड हाय."

"गप बस," वस्ताद खेकसले.

"चाळा," वस्ताद म्हणाले. "सगळी चाळा. खड्याच्या मातीत कुस्ती हुनार न्हाय. मी जित्ता असंपतूर न्हाय."

चाळण्या दोनच होत्या. मग लोकांनी पटके सोडले, उपरणी सोडली, आणि तीनशे माणसं आखाड्याभोवती माती चाळायला बसली. पण वस्तादांचा आता कापडावर विश्वास राहिला नव्हता. चाळलेली प्रत्येक पाटी सोमलिंगपुढं यायची. तो मधोमध मांडी घालून बसला होता, पाटीत हात घालायचा, डोळे मिटायचा, आणि "चालेल" किंवा "नाही" म्हणायचा. नाही म्हटलं की पाटी उचलून नेणारा माणूस शरमेनं मान खाली घालायचा. बादशहा पाट्या वाहत होता, एका हातात दोन.

दुपार कलेपर्यंत सात खडे, एक गुंडी आणि एक दात सापडला. दातावरून भांडण झालं. तीन म्हाताऱ्या पैलवानांनी तो आपला म्हणून सांगितला. वस्तादांनी तिघांना तोंडं उघडायला लावली, पण तिघांच्याही तोंडात जागा भरपूर रिकामी असल्यामुळे निकाल लागेना. शेवटी दात तालमीच्या मालकीचा ठरला.

डिपुटीसाहेबांना संध्याकाळच्या आत दुसऱ्या गावी पोचायचं होतं. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि वस्तादांच्या कानाशी ओरडून विचारलं, "मास्तरांची माती कशी?"

"कशी म्हंजे?" वस्ताद म्हणाले. "तीस वर्सं माझी पोरं ह्या मातीत लोळत्यात. एकाला कळलं न्हाय. ह्येनी हातात घेतली आनि वळखली. माती ह्येंची. आमी नुसतं अंगाला लावतोय."

डिपुटींनी रकान्यात 'उत्तम' असं लिहिलं. मग त्यांची लेखणी थांबली. त्यांनी खुर्ची सोमलिंगजवळ ओढली, इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, शेऱ्यात मातीचा प्रकार लिहावा लागतो. तुमची नक्की कोणती?"

सोमलिंगच्या मनात आलं, कुंभाराची म्हणावं तर साहेबांनी ती तपासलेली नाही. पैलवानाची म्हणावं तर आपण ती केलेली नाही. खरं सांगितलं तर कागद फाटेल, खोटं सांगितलं तर आपल्यालाच झोप लागणार नाही. मग त्यानं वर डिपुटींच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंडही आपल्यासारखंच घाबरलेलं आहे, हे त्याला तेव्हा दिसलं.

"साहेब, हुकुमात कोणती लिहिली आहे?"

"हुकुमात नुसतीच माती आहे हो."

"मग तीच."

डिपुटींनी शेऱ्यात 'तीच' असं लिहिलं, शाईवर फुंकर घातली आणि खिशातून शिक्का काढला. शिक्का मारायला टेकू नव्हता, म्हणून बादशहानं आपली पाठ वाकवून दिली. अशा रीतीनं सोमलिंग मास्तर कायम झाले. उघड्या अंगानं, लंगोट नेसून, गुडघ्याएवढ्या मातीच्या ढिगात बसल्या बसल्या.